कॅमेऱ्यामागची जागा

"ताई, तिकडे नको. इकडे, कॅमेऱ्याच्या काचेत बघा," दिग्दर्शिका म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती आणि अजून तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं लिफ्टमिस्त्रीला वाटत होतं. चिडलेल्या माणसांना समजावणं त्याला रोजचंच होतं. ही बाई शांत होती, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

ताई म्हणजे त्याची बायको. ती लाँड्रीत इस्त्री करायची आणि इस्त्री करता करता जुळवलेलं एक गाणं तिने घरच्या स्वयंपाकघरात गायलं होतं. व्हिडिओ काढला मिस्त्रीने. फोन शिडीला चिकटपट्टीने बांधला, टेबललॅम्पवर बटरपेपर लावला, मागे धुतलेली चादर टांगली आणि एका दमात सगळं उरकलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात आली. लोकांना नेमकी ती शिट्टी आवडली. ज्याने त्याने तो व्हिडिओ पुढे पाठवला आणि शेवटी एका कंपनीने हेच गाणं नीट, मोठ्या कॅमेऱ्याने करायचं ठरवलं.

नीट म्हणजे किती नीट! एका गोदामात त्यांनी मिस्त्रीचं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं केलं होतं. कोपऱ्यातली फुटकी फरशीसुद्धा मुद्दाम फोडून बसवली होती. भिंती मात्र तीनच. चौथीच्या जागी रूळ, रुळांवर कॅमेरा, आणि खिडकीबाहेर सूर्य म्हणून एक भला मोठा दिवा, खऱ्यापेक्षा जास्त आज्ञाधारक. घरी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं होतं. इथे शेवटचं कडवं आधी, मधलं नंतर. आणि गायचं तर मुळीच नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लागायचं आणि तिने नुसते ओठ हलवायचे.

ओठ ती बरोबर हलवत होती. गडबड डोळ्यांची होती. घरच्या व्हिडिओत होतं ते काहीतरी इथे येतच नव्हतं.

कोपऱ्यात खुर्चीवर एक मुलगी तयार होऊन बसली होती. बायकोच्याच रंगाचे कपडे, तशीच वेणी, फक्त वय निम्मं. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू," निर्माता दिग्दर्शिकेला दबक्या आवाजात म्हणाला होता. "नाहीच जमलं तर आवाज बाईंचा, चेहरा हिचा." रिकाम्या गोदामात दबका आवाज काही लपत नाही. बायकोनेही तो ऐकला होता. तेव्हापासून ती हातातली इस्त्री एकाच बाहीवरून पुन्हा पुन्हा फिरवत होती.

शेवटी मिस्त्रीला राहवलं नाही. तो केबलींवरून उड्या मारत पुढे आला. "मॅडम, मी इथे कॅमेऱ्याशेजारी उभा राहू का? घरी ती मलाच बघून गायली होती. मी समोर असलो की तिला धीर येतो."

हे त्याने जरा ऐटीतच सांगितलं. त्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'काय डोळे आहेत या बाईंचे! बघतायत तरी कुणाकडे?' ते वाचून तो कितीतरी दिवस आतल्या आत खूश होता.

कॅमेरामनने कपाळाला आठ्या घातल्या, पण दिग्दर्शिकेने जागा करून दिली. "उभे राहा दादा. बघू या."

गाणं लागलं.

कुणाचा हा सदरा, कुणाची ही बाही,
माझ्या हाताची ऊब त्याला ठाऊक नाही...

मिस्त्रीही ओठ हलवू लागला. 'हस,' त्याने खूण केली. मग 'मान वर'. मग 'सावकाश'. घरीही त्याने शिडीमागून असंच केलं होतं.

"थांबू या," दिग्दर्शिका म्हणाली. निर्मात्याने घड्याळ बघितलं. खुर्चीतल्या मुलीच्या गालांवर कुणीतरी पावडरचा हात फिरवून गेलं.

"आता काय चुकलं?" मिस्त्रीने विचारलं.

"तुम्हीच बघा ना," म्हणत दिग्दर्शिकेने त्याला मॉनिटरच्या पडद्यासमोर नेलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

फोनवर बायकोचा चेहरा अंगठ्याएवढा दिसायचा. इथे तो परातीएवढा होता. प्रत्येक ओळ संपली की तिची नजर काचेवरून घसरून बाजूला जायची, क्षणभर थांबायची आणि मग परत यायची. तिथे धीरबीर काही नव्हता. पास की नापास, एवढंच ती विचारत होती.

ही नजर त्याच्या पक्की ओळखीची होती. ताट वाढून झालं की ती अशीच बघायची. नवे पडदे आणले तेव्हा, केस कापून घरी आली तेव्हाही. आणि तो म्हणायचा, "ठीक आहे, पण..." त्या 'पण'ला तो इतकी वर्षं काळजी समजत आला होता. घरच्या व्हिडिओतही हेच डोळे होते. लोकांना त्यांत प्रेम दिसलं आणि त्यालाही. मिस्त्रीला स्वतःची इतकी लाज वाटली की पडद्यासमोरून हलायचंही त्याला सुचेना.

"अहो, काय म्हणतायत त्या?" सेटवरून बायकोने विचारलं. "माझंच चुकतंय ना?"

"तुझं काही चुकत नाहीये गं." त्याने खिशातून फोन काढला आणि न वाजलेला फोन कानाला लावला. "हॅलो... हो साहेब... कोण अडकलंय? आलोच." मग तिला म्हणाला, "एका ठिकाणी लिफ्ट अडकलीय. जावं लागेल. तू कर तुझं."

"आत्ता? आणि मग मला सांगणार कोण?"

"कुणी कशाला सांगायला हवं? गाणं तुझंच आहे की."

दिग्दर्शिका त्याच्या हातातल्या फोनकडे बघत होती. तिला कळलं असावं.

तो बाहेर येऊन गोदामाच्या पत्र्याला टेकून उभा राहिला. दाराला फट होती. तिला दिसलो तर सगळंच फिसकटेल, म्हणून तो फटीच्या वाटेला गेला नाही. आत गाणं लागलं आणि दुसऱ्याच ओळीला बंद पडलं. संपलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात ते पुन्हा लागलं. या वेळी कुणी थांबवलं नाही, ते चालत राहिलं, कडव्यामागून कडवं, आणि मग टाळ्या वाजल्या.

ती मुलगी गालावरची पावडर पुसत बाहेर आली. "काका, तुम्ही आत नव्हता? अहो, काय केलं काकूंनी! इस्त्री ठेवली बाजूला आणि कॅमेऱ्याला सुनावल्यासारखं गायल्या. मध्येच हसल्यासुद्धा."

"हसली? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. आपल्या आपणच. मी बसले उगाच नटून!" असं म्हणून ती हसली आणि गेली.

मिस्त्रीला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. आणि हे सगळं आपण तिथे नसताना झालं, हेही तेव्हाच टोचलं.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली. गाल लाल झाले होते. तिला तो तिथे दिसेल असं वाटलं नव्हतं.

"हे काय, लिफ्ट?"

"दुसऱ्याला पाठवलं."

"मग पाहिलंत?"

"नाही. इथेच होतो."

ती काहीतरी जुळवत असल्यासारखी खाली बघत होती. "उद्या बाहेरचं शूटिंग आहे, रस्त्यावर," ती म्हणाली. "तुमचा कामावर उगाच खाडा होतो. उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"बरं," तो म्हणाला. "नाही येत."

तिने मोठा श्वास सोडला. किती हलकं वाटलं ते लपवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. आतून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली, तशी ती "आले आले" म्हणत, वळून न बघता आत गेली.