सोनटेकवर कारवी फुलली तेव्हा

केसरीनाथ तरेची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. भिवंडी ते गणेशपुरी, भिवंडी ते वाडा. खड्डे, कंटेनर, उलट्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षा, सगळं त्याने सोसलं. पण गाडी चालवताना त्याच्या तोंडून कधी शिवी गेली नाही. डेपोत त्याला ‘थंडा मास्तर’ म्हणायचे. म्हणूनच एका रविवारी धामणकर नाक्यावर तो ज्या आवाजात ओरडला, तो ऐकून त्याची बायको चंद्रासुद्धा चपापली. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

त्याचं झालं असं.

केसरीनाथचं घर दापोड्यात. एके काळी मागच्या दारातून भातशेती दिसायची, आता चारी बाजूंनी गोदामं. दिवसभर ट्रक रिव्हर्स घेण्याची पिपाणी वाजत असते. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्याने ते ऐकून काढले, मग एका रविवारी चंद्राला म्हणाला, “चल, सोनटेकवर जाऊ.”

सोनटेकचा डोंगर गणेशपुरीच्या पलीकडे. केसरीनाथ नोकरीत असतानाच तो राष्ट्रीय उद्यान झाला. आधी लोक कुरकुरले, सरपण बंद झालं म्हणून. पुढे सवय झाली. नोकरीत असताना केसरीनाथने तो डोंगर रोज पाहिला होता, पण काचेतून. आता दर रविवारी सकाळच्या गाडीने दोघं जायचे, चौकीवर तिकीट फाडायचे आणि जमेल तेवढं चढायचे. पायथ्याला साग, त्याच्यावर ऐन आणि किंजळ. मग झाडं ठेंगणी होत जातात आणि एकाएकी मोकळा कातळ लागतो. तिथून तानसा नदीचं वळण दिसतं, दोन्ही काठांची पिवळी पडत चाललेली भातं दिसतात आणि वारा असा येतो की अंगातला सगळा भिवंडीचा धूर उतरून जातो. चंद्रा कातळावर पाय पसरून बसायची. “हितं घर बांधून द्या मला,” म्हणायची. “मंग वरती पन गोदाम येल,” केसरीनाथ म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

ते वर्ष कारवीचं होतं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते ती. गणपती गेले आणि सोनटेकची उतरण निळ्या-जांभळ्या रंगाने भरून गेली. पुरुषभर उंचीची झुडपं, पेर न् पेर फुलांनी लगडलेलं. मधमाश्यांचा गुंजारव पायवाटेवर येण्याआधीच कानावर यायचा. त्या पहिल्या रविवारी चंद्रा वळणावर थबकली. मग तिने एका काठीला हळूच हात लावला.

“अवो, ह्याच काठ्यांचा कूड व्हता ना आपल्या जुन्या घराला?”

“हाच. वरून शेनानं लिपलेला.”

“आनि फुलं कदी बघितली न्हाईत आपन.”

“कोन बघत व्हता तवा,” केसरीनाथ म्हणाला. “मला वाटायचा कारवी म्हंजे नुसती काठी.”

उतरताना चौकीवरच्या गार्डशी, हिरामणशी, गप्पा झाल्या. हिरामण खालच्या पाड्यावरचा. त्याने सांगितलं, फुलली की बी धरते, बी पडलं की झाड वाळून मरतं. पुढची कारवी त्या बियांतून. चंद्राने त्याला बजावलं, “मंग कोनाला तोडू देऊ नको हां.” हिरामण कसंनुसं हसला. तो का हसला ते तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी लक्षात आलं.

कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्लॅस्टिकचे ग्लास, थर्माकोलच्या थाळ्या, बिर्याणीचे टोप पुसलेले कागद, बाटल्या, काही फुटलेल्या. मध्ये चुलीचा काळा डाग. कडेच्या दोन ऐनांच्या खोडांत खिळे मारून त्यावर फ्लेक्स ताणलेला. आणि कारवीची अख्खी एक पट्टी कोयत्याने कापून तिची कमान केलेली, फोटो काढायला. कमान आडवी पडली होती. फुलं काळी पडून चिकट झाली होती. कापलेल्या बुंध्यांवर एखाददुसरी मधमाशी येत होती आणि परत जात होती.

फ्लेक्सवर पांढऱ्या शर्टातला, गळ्यात साखळी घातलेला माणूस हात जोडून उभा होता. खाली मोठ्या अक्षरांत: ‘आमचे लाडके मनोजशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’.

मनोज तरे. केसरीनाथच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ वारल्यावर ज्याला केसरीनाथने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो.

“आपला मनोज?” चंद्रा म्हणाली. तिला अजून खरं वाटत नव्हतं.

केसरीनाथ फ्लेक्सजवळ गेला आणि खिळे उपटू लागला. हाताने निघेनात, तेव्हा दगड घेतला. हिरामण मागून धावत आला.

“मास्तर, मी अडवलं हो. पाच गाड्या होत्या. कुनाचं कुनाचं नाव सांगितलं, फोन लावला, माझ्याच कानाला दिला. मी एकटा काय करनार?”

“तुला कोन बोलतोय?” केसरीनाथ म्हणाला. “गोनी हाय का?”

दुपारपर्यंत तिघं वाकून वेचत होते. गोण्या भरल्या, तोंडं बांधली, खाली आणल्या. एसटीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. तो म्हणाला, “मास्तर, भाजी का?” केसरीनाथ म्हणाला, “आहेर हाय. पुतन्याचा वाढदिवस झाला.” गाडीभर वास सुटला, पण मास्तरचा चेहरा पाहून लोकांनी नुसत्या खिडक्या सरकवल्या.

धामणकर नाक्यावर मनोजचं ऑफिस. ट्रान्सपोर्ट, गोदामं भाड्याने देणं-घेणं, आणि आता नगरसेवक होण्याची तयारी. रविवार असूनही माणसं बसलेली होती. काचेचं दार उघडून केसरीनाथने पहिली गोणी आत ओढली आणि गुळगुळीत फरशीवर उलटी केली. मग दुसरी. बाटल्या गडगडत सोफ्याखाली गेल्या. शेवटी फ्लेक्स अंथरला, मनोजचं तोंड वर करून.

“काका! काय करताय?” मनोज खुर्चीतून उठला.

तेव्हा तो आवाज निघाला.

“तुझा सामान राहिला व्हता डोंगरावर, तो आनला! घरी जेवून ताट असाच टाकतोस का रे? तुझ्या आईसमोर टाकशील? ती कारवी कुनी कापली? आठ वरसं थांबली ती फुलायला, आनि तुला केक कापायला कमान पायजे! झाडाला खिला मारला, त्याच्या अंगात रगत न्हाय म्हनून?”

बाहेर शेअर रिक्षावाले थांबून बघू लागले. एका पोराने मोबाइल वर धरला. चंद्राने नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अर्ध्या भिवंडीने पाहिला. लोक हसले, शाबास म्हणाले. पण मनोज काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दोन दिवसांनी तो स्वतः घरी आला, एकटा, पायी. केसरीनाथच्या पाया पडला.

“काका, चुकलो. पोरांनी केलं सगळं, पण नाव माझं होतं. येत्या रविवारी आम्ही सगळे वर येतो आणि साफ करतो. तुम्ही या. तुम्ही सांगाल तसं.”

केसरीनाथचा राग तिथेच विरघळला. त्याने चंद्राला चहा टाकायला सांगितलं. मनोज गेल्यावर म्हणाला, “पोर वाईट न्हाय गं. समजला त्याला.” चंद्रा कप विसळत होती. ती म्हणाली, “बघू रविवारी.”

रविवारी चौकीपासूनच ढोल ऐकू आला. तीस-चाळीस पोरं, सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, छातीवर मनोजचा हसरा फोटो आणि ‘स्वच्छ सोनटेक, सुंदर सोनटेक’. वाटेवर झाडागणिक नवे फ्लेक्स. कातळावर जनरेटर धडधडत होता, स्पीकरवर गाणं, डोक्यावर ड्रोन भिरभिरत होता. पाण्याच्या बाटल्यांचे खोके फुटले होते आणि रिकाम्या बाटल्या उतरणीवरून खाली जात होत्या. कॅमेऱ्यासमोर पोरं हातमोजे घालून एकच कागद पुनःपुन्हा उचलत होती. मधमाश्यांचा मागमूस नव्हता.

“आले, आले, आमचे मार्गदर्शक आले!” मनोज माइकवरून ओरडला. केसरीनाथला काही कळायच्या आत त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. कुणीतरी मोबाइलवर लाइव्ह चालू केलं. मग एका पोराने पुढे येऊन गुच्छ दिला. चांदीच्या कागदात गुंडाळलेला, लाल रिबिनीचा, मोठा थोरला.

कारवीचा गुच्छ होता. ताजा. देठांतून अजून पाणी पाझरत होतं.

केसरीनाथने गुच्छाकडे पाहिलं, मग मागच्या उतरणीकडे. तिथे आणखी एक पट्टी रिकामी झाली होती.

“हा कुनी तोडला?” त्याने विचारलं. माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

“काका, खास तुमच्यासाठी. तुम्हाला आवडते ना कारवी,” मनोज हसून म्हणाला.

केसरीनाथला वाटलं, याला खरंच कळलेलं नाही. आणि लगेच वाटलं, नाही, कळलंय. कळूनही काही वाटलेलं नाही. पहिल्यापेक्षा हे दुसरं त्याच्या डोक्यात जास्त भिनलं. या वेळी आवाज चढला नाही. त्याने शाल काढून घडी केली आणि नारळासकट मनोजच्या हातात दिली. गुच्छ मात्र स्वतःकडे ठेवला.

“लाइव्ह चालू हाय ना? राहू दे,” तो म्हणाला. “मी केसरीनाथ तरे. हा माझा पुतन्या. मागल्या आठवड्यात यानं हितं दारू पिऊन घान केली. आज साफ करायला म्हनून आला आनि जास्ती घान केली. घानीचा पन फोटो, सफाईचा पन फोटो. मी याचा मार्गदर्शक न्हाय. मी याच्यावर थुंकायला पन आलो न्हाय, कारन थुंकलो तर डोंगर खराब होईल.”

चंद्रा तोवर जनरेटरपाशी गेली होती. तिला ते यंत्र कसं बंद करायचं माहीत नव्हतं. तिने तिथल्या पोराला नुसतं “बंद कर” म्हटलं, आणि त्या पोराने मुकाट्याने केलं. गाणं तुटलं.

“काका, बस झालं,” मनोज दात आवळून म्हणाला. “घरची माणसं म्हणून ऐकून घेतोय.”

केसरीनाथ वळला. हिरामण गर्दीच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा होता.

“हिरामण, राष्ट्रीय उद्यानात झाड तोडला, स्पीकर लावला, तर तुमच्या कायद्यात काय करतात?”

“पंचनामा करतात, मास्तर,” हिरामण म्हणाला. “पन साक्षीला कोन राहात न्हाय. सगळे घरी जातात. मंग साहेब विचारतो, पुरावा काय?”

“हा पुरावा.” केसरीनाथने गुच्छ त्याच्यापुढे धरला. “आनि साक्षीला मी. लिही. केसरीनाथ तरे, राहनार दापोडे.”

“माझा पन लिही,” चंद्रा म्हणाली.

हिरामणने एकदा मनोजकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे. मग टोपी डोक्यावर चढवली आणि पिशवीतून कागद काढला. लिहून होईपर्यंत पोरं एकेक करून खाली सटकली. टी-शर्ट उलटे करून घातलेलेही काही होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा, गोदूबाईचा, फोन आला. “भावजी, बाप न्हाय माझ्या पोराला. तुम्हीच त्याचा बाप. आनि तुम्हीच पोलिसात दिलाव?”

“पोलिसात न्हाय वहिनी, जंगलखात्यात.”

“माझं एकच म्हननं. साक्ष मागं घ्या.”

भावाच्या बायकोला केसरीनाथने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. “वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही एकदा वर येऊन बघा. मंग सांगा मागं घे म्हनून. मी घेतो.”

तिने फोन ठेवला. दिवाळीचा फराळ त्या घरून आला नाही. यांनी पाठवलेला डबा तसाच परत आला. गावात दोन तट पडले. काहीजण समोरून येताना मोबाइल बघत बाजूने जाऊ लागले. “एवढ्याशा झुडपापायी रक्ताचं नातं तोडलं,” असं कुणीतरी बोललं, आणि ते केसरीनाथपर्यंत पोचवण्याची व्यवस्थाही झाली.

मनोजला दंड झाला, तो त्याने भरला. मोठं प्रकरण वरून दाबलं गेलं असं लोक म्हणतात. धामणकर नाक्यावर त्याचे फ्लेक्स पूर्वीपेक्षा मोठे झाले. केसरीनाथ बाजारात जातो तेव्हा त्या फ्लेक्सखालूनच जावं लागतं, आणि दर वेळी त्याचं डोकं तितकंच तापतं. चंद्रा म्हणते, आता सोडा. तो म्हणतो, का सोडू?

त्या वर्षी कोयत्यातून वाचलेल्या कारवीने हिवाळ्यात बी धरलं. उन्हं तापली तशा शेंगा तडकून फुटू लागल्या. दोघं वाटेवर उभे राहून तो तड-तड आवाज ऐकत होते. कापलेल्या पट्टीवर मात्र नुसता मुरूम उघडा पडला होता. तेवढ्यात खालच्या वळणावरून मोबाइलवर गाणं लावून येणाऱ्या चार-पाच जणांचा घोळका दिसला. एकाच्या हातात चिवड्याचं पाकीट होतं.

केसरीनाथ वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“गाना बंद करा,” तो म्हणाला. “आनि ते पाकीट खिशात घालून परत न्यायचा. मी हितंच हाय, उतरताना बघनार.”