कव्हरच्या कडेचं कोपर

“आजी, जरा रागवा ना,” पुण्याहून आलेली अनुपमा पुन्हा म्हणाली आणि तिने मोबाइल वर धरला.

आजी म्हणजे माझी सासू, आवडीबाई. ती ओटीवर मांडी घालून बसली होती आणि लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी हसत होती. एरवी ही बाई डोळे उघडल्यापासून करवादत असते. कोंबड्यांवर, न आलेल्या एसटीवर, नळाला पाणी सोडणाऱ्या धोंडूवर आणि सवड मिळेल तशी माझ्यावर. पण दारात परकं माणूस आलं की तिचा राग कुठे जाऊन बसतो कोण जाणे.

“कुनावर रागवू गो बाय?” ती म्हणाली. “तू काय माजं वाकडं केलंस?”

“असंच, फोटोपुरतं. त्या कव्हरवर आहे ना, तसं.”

“तसं आता नाय जमायचं. दात कुठं हायत?”

मी आत चहाचं आधण ठेवलं होतं. अंगणवाडीला आठवड्यातून एक सुट्टी मिळते, ती अशी ह्या लोकांच्या कपबशा विसळण्यात जाते. अनुपमाबरोबर आलेल्या सगळ्यांच्या अंगात काळे टीशर्ट होते आणि प्रत्येकाच्या छातीवर माझी सासू होती. तोंड उघडलेलं, डोळे वटारलेले, हातात उगारलेला विळा. पंचवीस वर्षांची आवडीबाई.

हे सगळं एका रेकॉर्डच्या कव्हरमुळे. शहाऐंशी साली मुंबईतल्या काही मुलांचा एक बँड होता, ‘बॉयलर फोर’ नावाचा. पाचगणीच्या एका शाळेत गाणीबजावणी करून ती मुलं आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होती. आमच्या वाडीखाली त्यांची गाडी तापली. पाणी मागायला वर आली तेव्हा माझी सासू वरीच्या शेतात विळा उगारून ओरडत होती. ड्रम वाजवणाऱ्या विनीतच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याने फोटो काढला, सगळे पाणी प्यायले आणि गेले. पुढे त्यांनी एकच रेकॉर्ड काढली, ‘थर्ड शिफ्ट’, आणि तिच्या कव्हरवर हा फोटो छापला. रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही, बँड मोडला. मग इतक्या वर्षांनी कुठल्याशा परदेशी माणसाला ती जुन्या बाजारात मिळाली, त्याने इंटरनेटवर चढवली आणि लोक तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. कव्हरवरची बाई कोण, हे शोधून काढलं विरारला राहणाऱ्या आमच्याच वाडीतल्या मोरूने. त्याने नकाशावर आमच्या घराची खूणच करून ठेवली आहे. तो पुढच्या गणपतीला येईल तेव्हा मला त्याच्याशी बोलायचं आहे.

ती रेकॉर्ड मी फोनवर ऐकली आहे. पहिल्यांदा वाटलं, फोन बिघडला. एवढ्या जोरात गिटार वाजवून वर पुन्हा बोंबलायचं कशाला, गाणं तरी ऐकू यावं. शेवटी शेवटी मात्र सगळे थांबतात आणि ड्रम एकटा बराच वेळ वाजत राहतो. ते मला आवडलं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि नाव काय तर ‘थर्ड शिफ्ट’. माझा नवरा अनिल महाडच्या एमआयडीसीत खरोखरीची थर्ड शिफ्ट करतो आणि सकाळी लाल डोळे घेऊन घरी येतो, त्याच्यावर कुणी रेकॉर्ड काढत नाही.

“वहिनी, तुम्हाला कल्पना नाही,” त्यातला साहिल नावाचा उंच मुलगा चहा घेताना मला म्हणाला. “हा चेहरा म्हणजे व्यवस्थेविरुद्धचा राग आहे. अख्खी रेकॉर्ड त्या एका चेहऱ्यात आहे.”

“कुठली व्यवस्था?” मी विचारलं. “बैल वरीत घुसला होता.”

त्याला ते पटलं नाही. त्याने पँट वर सरकवून पोटरी दाखवली. तिथे माझी सासू गोंदवलेली होती, विळ्यासकट.

सासू वाकून बघत राहिली. “पायावर काडलंस? म्हंजे चाललास की मना पाय लावनार,” ती म्हणाली, आणि तरीही हसलीच. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. “बाला, ह्या फोटूचा बाकीचा तुकडा कुठं गावंल?”

“बघतो आजी,” साहिल म्हणाला. सगळे असंच म्हणतात.

त्या कव्हरच्या उजव्या कडेला एक कोपर दिसतं. बाहीच्या बंडीतून बाहेर आलेलं सडपातळ कोपर, आणि खाली दाव्याचं टोक. पुढचं कापलेलं आहे. ते कोपर माझ्या सासऱ्यांचं, येसाजींचं. सासू ओरडत होती ती त्यांच्यावर. बैल धरून उभं राहायचं सोडून त्यांनी बांधावर डुलकी काढली होती आणि बैलाने उभी वरी खाल्ली होती. पुढच्या वर्षी ते मुंबईला गोदामात कामाला गेले आणि काविळीने तिथेच वारले. तेव्हा अनिल पाळण्यात होता. त्यांचा एकही फोटो नाही. लग्नात काढला नाही, नंतर काढायला ते राहिले नाहीत. आमच्या भिंतीवर आजेसासरे आहेत, चुलत सासरे आहेत, सासऱ्यांच्या जागी नुसता खिळा आहे. सर्वपित्रीला सासू त्या खिळ्याला झेंडूचं एक फूल अडकवते.

म्हणजे जगात त्यांचं एवढंच उरलं आहे, एक कोपर. मोरूने ते कव्हर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सासूने स्वतःचं तोंड बघितलंच नाही. कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्यो अनिलचा बाप.” अनिल एकदा आरशासमोर हात वाकवून स्वतःचं कोपर बघत होता. मला बघून त्याने दाढीचा ब्रश उचलला.

तेव्हापासून आलेल्या प्रत्येकाला ती उरलेला फोटो मागते. एवढे शिकलेले लोक येतात, रेकॉर्ड कुठल्या कंपनीने काढली, गिटारची कुठली तार तुटली, हे सगळं त्यांना पाठ. पण म्हातारी काय मागते, ते कुणाच्या कानात शिरत नाही.

मग श्रावणात फोन आला. ‘थर्ड शिफ्ट’ पुन्हा निघणार होती, मोठ्या काळ्या तबकडीवर. बँडमधला गिटारवाला लेस्ली स्वतः येणार होता. आवडीबाईंचा त्याच जागी, त्याच रागात जाहिरातीसाठी नवा फोटो काढायचा होता.

“गिटारवाला म्हंजे फोटू काडला तवा व्हता ना तो?” सासूने विचारलं.

“होता.”

“मंग त्याच्याकडं आसंल.” आणि ती दोन दिवस कुणावर ओरडली नाही. मला भीतीच वाटायला लागली.

ते लोक यायच्या दिवशी अनिल शिफ्टवरून येऊन झोपला नाही. पांढरा शर्ट घालून ओटीवर बसला. सासूने मधल्या घरात पाट मांडला होता, त्यावर धुतलेला पंचा अंथरला होता. फोटो आला की ठेवायला.

गाडीतून आधी कंपनीची मुलगी उतरली, प्रियदर्शिनी. मागून कॅमेरावाला. आणि मग दार धरून, गुडघे सांभाळत लेस्ली. मी कव्हरच्या मागच्या बाजूला त्याचा फोटो पाहिला होता, खांद्याखाली केस आणि उघडी छाती. आता डोक्यावर केस नव्हते आणि गळ्यात चष्म्याची दोरी होती. तो वांद्र्याचा, मराठी बोलायचा, थोडं अडखळत.

“बाई, ओळखलं का?” त्याने विचारलं.

“नाय बा. तुमी तवा तांब्याला तोंड लावून पानी प्याला व्हता, येवडं ध्यानात हाय.”

तो खूप हसला. मग त्याने छोटा रेकॉर्ड प्लेयर काढला आणि नवी तबकडी लावली. कोंबड्या अंगणातून पळाल्या. गाणं चालू असताना तो सांगत होता, जाहिरातींची गाणी करायच्या स्टुडिओत रात्रीचा वेळ मागून दोन रात्रींत सगळं उरकलं. गाणारा पुढे आखाती देशात गेला, तिथे एसी विकतो. ड्रमवाला विनीत गेल्या वर्षी वारला. शेवटचं ते एकट्या ड्रमचं वाजवताना त्याच्या बोटांना फोड आले होते आणि तो थांबायला तयार नव्हता.

सासूने सगळं नीट ऐकून घेतलं. “येवडं कशाला रागावला व्हता रं तुमी?” तिने विचारलं. “घरी जेवायला नव्हतं काय?”

“जेवायला होतं,” लेस्ली म्हणाला. “तरी राग होता. कशाचा ते आता नाही आठवत.”

प्रियदर्शिनीने पिशवी उघडली. शाल, पेढ्यांचा बॉक्स, टीशर्ट, त्याच जुन्या कव्हरात नव्याने काढलेली रेकॉर्ड. प्रत्येक वस्तू बाहेर आली की सासूची मान थोडी पुढे यायची. पिशवी रिकामी झाली. सासूने लेस्लीकडे बघितलं.

“फोटूचा बाकीचा तुकडा?”

“कोणता तुकडा?” प्रियदर्शिनीने विचारलं.

अनिल उठला. त्याने रेकॉर्ड उचलली, कडेवरचं कोपर दाखवलं. “हे माझे वडील आहेत,” तो म्हणाला. “पूर्ण फोटोत असतील. आमच्याकडे त्यांचा फोटो नाय दुसरा.”

लेस्लीने चष्मा लावला. कोपर बघितलं आणि चष्मा पुन्हा काढला.

“फोटो आडवा होता,” तो म्हणाला. “कव्हर चौकोनी असतं. प्रेसमध्ये मीच कापला, ब्लेडने. तो तुकडा तिथेच खाली पडला असेल.”

“आणि निगेटिव्ह?” अनिलने विचारलं.

“विनीतकडे होती. त्याचं घर रिकामं करताना बहिणीने सगळं भंगारात दिलं. मी शोधायला गेलो होतो, ह्याच रेकॉर्डसाठी. मला माहीत नव्हतं की तुम्हाला… सॉरी.”

तेवढ्यात कॅमेरावाला पुढे आला, हलक्या आवाजात प्रियदर्शिनीला म्हणाला, “ऊन जाईल. आता चेहरा चांगला आहे, घेऊन टाकू.”

माझं डोकं फिरलं. आजवर विसळलेल्या सगळ्या कपबशा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. “काय चांगला आहे?” मी म्हणाले. “छातीवर घेऊन फिरता, पोटरीवर गोंदवता, एवढं पाठांतर तुमचं. ही बाई येईल त्याच्याकडे एकच गोष्ट मागते आहे, ती एकालाही ऐकू आली नाही. चौकोनात बसत नव्हता म्हणून माणूस कापून टाकला, आणि आता हिचं तोंड पुन्हा न्यायला आलात?”

“गप गो वैशाली,” सासू म्हणाली. अगदी शांतपणे. “पावनी हायत. चा टाक.”

मी उभीच राहिले. ती लेस्लीजवळ सरकली.

“कापायच्या आदी तुमी बगितला आसंल ना तो तुकडा?”

“बघितला होता.”

“मंग सांगा. त्यांचं तोंड कसं दिसत व्हतं?”

लेस्लीने मान अंगणाकडे वळवली. रेकॉर्ड संपली होती, सुई नुसतीच करकरत होती. ती उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

“हसत होता,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही त्याच्यावर ओरडत होता आणि तो हसत होता. विनीत म्हणाला होता, हा ठेवू नको, ह्याच्यामुळे राग खोटा वाटतो.”

त्याला खरंच आठवलं, की म्हातारीसाठी त्याने ते तिथल्या तिथे रचलं, मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

“हसतच आसनार,” सासू म्हणाली. “आख्खी वरी खाल्ली बैलान आनी ह्यो हसतोय. म्हनून तर येवडी वराडले मी.” तिने पदर तोंडाला लावला. अनिल परसात निघून गेला.

त्यांनी तिथेच ओटीवर फोटो काढला, पण तो कुठे छापून आला नाही. त्यात ती नुसती आतल्या रिकाम्या पाटाकडे बघते आहे, त्यात राग नाही.

रेकॉर्ड आमच्याकडेच राहिली. सर्वपित्रीच्या आधी सासूने अनिलला ते कव्हर महाडला चवदार तळ्याजवळच्या फ्रेमवाल्याकडे न्यायला लावलं. काचेखाली घालून आणलं. मग ती कात्री आणि जुनं कॅलेंडर घेऊन बसली. मला वाटलं, म्हातारीचं काही तरी बिनसलं. कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूने तिने काचेवर स्वतःचं तोंड, विळा, शेत, वरचं इंग्रजी नाव, सगळं झाकून टाकलं आणि खळीने कागद चिकटवला. उजव्या कडेची बोटभर पट्टी तेवढी उघडी ठेवली. फ्रेम त्या खिळ्याला लावली.

दिवाळीनंतर साहिल पुन्हा आला, दोन नवे मित्र घेऊन. आत भिंतीकडे बघून तो थबकलाच.

“आजी, हे काय केलंत? कव्हरच झाकून टाकलं?”

“मंग काय करू?” ती त्याच्यावर खेकसली, आणि पाहुण्यावर ओरडताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. “मी जित्ती हाय ना अजून. माज्या फोटूला हार कसा घालू?”

साहिलने खिशातून मोबाइल काढला होता. तो त्याने परत ठेवला.

सासू उठली, फ्रेमपाशी गेली. झेंडूचा हार सुकून खाली ओढला गेला होता आणि त्याच्याआड कोपर जात होतं. तिने हार बोटाने थोडा डावीकडे, कोऱ्या कागदावर सरकवला.