चुकीच्या उत्तराची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळा सुटल्यावर वाजते ती नव्हे आणि सायकलवरची तर नव्हेच. मी टेबलावर बसणारी घंटी. पालथ्या वाटीसारखे माझे अंग आणि डोक्यावर एक बटण. त्यावर बोट दाबले की मी ‘टिंग’ म्हणते. एवढेच माझे काम आणि एवढीच माझी भाषा. सध्या मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या कपाटात, वाळलेल्या शाईच्या बाटल्यांशेजारी पडून आहे. बाटल्या काही बोलत नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म पितळकाम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. माणूस कमालीचा तिरसट. त्याला कोणाचेच काम पटत नसे, स्वतःचेही नाही. माझ्या अगोदरच्या सात बहिणींचा आवाज त्याला बद्द वाटला आणि त्याने त्या साती जणींना परत भट्टीत टाकले. माझी पाळी आली तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. मला मूठ नाही, ही गोष्ट वेगळी. त्याने मला दोनदा वाजवले, कान जवळ आणला आणि म्हणाला, “हं, ही चालेल.” “एवढं कौतुक यांनी लग्नात माझंही केलं नव्हतं,” असे त्याची बायको गिऱ्हाइकाला सांगत होती.

ते गिऱ्हाईक म्हणजे या वर्तमानपत्राचे संपादक. त्यांच्या टेबलावर मी कितीतरी वर्षे मानाने बसले. एक टिंग झाली की शिपाई जिना चढून यायचा आणि दोन झाल्या की मुद्रितशोधक बाई, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणाऱ्या बाई, चष्मा सावरत यायच्या. माझा तोरा काय सांगू! माझ्याशिवाय अंक निघूच शकत नाही, असे मला खरेच वाटे. मग भिंतीवर विजेची घंटा आली. ती माझ्यापेक्षा कर्कश होती, पण नवी होती. मला उचलून अडगळीत टाकले आणि माझी आठवणही कोणाला झाली नाही. त्या दिवसांत मी फार रडवेली झाले होते.

तिथून मला बाहेर काढले अजबकाकांनी. हे आमचे जुने उपसंपादक. हातात कायम कात्री, शर्टाच्या बाहीला डिंक. ‘जगावेगळं’ नावाचे सदर ते तीस वर्षे चालवत होते. कुठे चोरी करायला गेलेला चोर घरमालकाच्या पलंगावर झोपी गेला, कुठे निवडणुकीतल्या उमेदवाराला स्वतःचेही मत पडले नाही, अशा गमतीच्या बातम्या त्या सदरात येत. वाचक पहिले पान सोडून आधी तेच उघडत. काकांची पद्धत ठरलेली होती. एक फोन करायचा, जे कळेल ते लिहायचे, वर चटकदार मथळा द्यायचा. दुसरा फोन केला की गंमत जाते, असे ते म्हणत.

दरवर्षी वर्तमानपत्राचा वाढदिवस असे. त्या दिवशी छपाईचे यंत्र बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात उरलेल्या कागदाच्या पताका लागत, फुगे टांगले जात, सगळ्यांची मुलेबाळे नटूनथटून येत. आणि अजबकाका ‘जगावेगळं’वर प्रश्नमंजूषा घेत. प्रत्येक विभागाचा तीन जणांचा एक संघ. बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीच्या उत्तराला मी. नियम एकच होता आणि तो फळ्यावर ठळक लिहिलेला असे: आपल्या अंकात छापून आले तेच उत्तर बरोबर. वर्षातला तो एक दिवस माझा असे. मी वाजले की सगळे हसत, चुकणारासुद्धा हसे. त्या हसण्यावर मी पुढचे वर्ष काढत असे.

आता त्या वर्षाचे सांगते. सांगताना माझा आवाज बद्द होतो, पण सांगायला हवे.

आमच्याकडे अंकांचे गठ्ठे बांधणाऱ्या तिघी बायका होत्या. त्यांतल्या एकीला सगळे ताई म्हणत. ताईंचा धाकटा भाऊ जवळच्याच शीतगृहात यंत्रे दुरुस्त करायचा. फळे आणि भाज्या थंड ठेवण्याची ती मोठी बंदिस्त इमारत कचेरीपासून दहा मिनिटांवर होती. वाढदिवसाच्या चार महिने आधी तो वारला. शीतगृहाच्या व्यवस्थापकाने घरच्यांना सांगितले की आवारात चालता चालता छातीत कळ आली आणि कोसळला. कचेरीतले सगळे भेटून आले. ताई दोन आठवड्यांनी कामावर परतल्या. आधीही त्या कमी बोलायच्या, आता तेवढेही बोलेनात. वाढदिवसाला त्यांच्या दोघी मैत्रिणींनी त्यांना ओढूनच आणले. “चल गं, तेवढंच मन रमेल,” असे म्हणत त्यांना संघात मध्ये बसवले.

खेळ रंगात आला होता. काकांनी पुढची चिठ्ठी उचलली.

“बंद शीतगृहाच्या दारामागून दीड दिवस टकटक ऐकू येत होती. सुट्टी होती, आत कोणी नव्हतं. भूत आहे म्हणून गल्लीतलं कोणी तिकडे फिरकलं नाही. शेवटी दार उघडलं, तर भूत म्हणून कोण निघालं?”

“घूस!” जाहिरात विभाग ओरडला. टिंग.

“थंडीनं आखडलेला पाइप!” यंत्र विभाग. टिंग.

“मालकांची सासू!” वितरण विभागातला जाडा कारकून म्हणाला आणि दालन हास्याने नुसते दणाणले. काकांनी मला चेवाने दोनदा वाजवले. मीही खुशीत वाजले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

प्रश्न ताईंच्या टेबलावर आला. त्यांची मैत्रीण कानात कुजबुजत होती, “मांजर गं, मांजर. ‘भुतानं म्याँव केलं’ असं आलं होतं बघ.” ताई उभ्या राहिल्या.

“माणूस,” त्या म्हणाल्या.

टिंग.

“पहिल्या अक्षरापर्यंत आलात की ताई!” काका हसत म्हणाले. “अजून एक संधी. मां... मां...?”

“माणूस होता, काका. माझा भाऊ होता.”

काकांचे बोट आधीच माझ्या बटणावर होते. तीस वर्षांची सवय. ते दाबले गेले आणि मी वाजले. ती एक टिंग मला परत गिळता आली असती, तर मी आनंदाने त्या भट्टीत गेले असते.

ताई मोठ्याने बोलल्या नाहीत. “घरी आणल्यावर त्याचे हात मी पुसले. दोन्ही हातांची बोटं सोललेली होती. नखं निघाली होती. आवारात कोसळलेल्या माणसाची बोटं कशाला सोलतील, काका?”

कोणीतरी एका मुलाच्या हातातली पिपाणी काढून घेतली. संपादक पहिल्या रांगेत बसले होते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “पुढचा प्रश्न घ्या.” काकांनी पुढची चिठ्ठी उचलली. ऑक्टोपसला हृदये किती, असा प्रश्न होता. कोणीतरी “तीन” म्हणाले. उत्तर बरोबर होते, पण टाळ्या वाजल्या नाहीत.

त्या दिवसानंतर काकांनी मला कपाटात ठेवले नाही. मी त्यांच्या टेबलावर होते, म्हणून पुढचे सगळे मला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताईंना बोलावून विचारले, “मी काय करू, सांगा.”

“छापा,” ताई म्हणाल्या. “मांजर होतं असं छापलंत ना? मग तो होता असंही छापा. आई सगळ्यांना सांगते, माझा मुलगा आतून दार वाजवत होता. आणि लोक तिला तुमचं कात्रण दाखवतात. म्हणतात, आजी, मांजर होतं हो, हे बघा पेपरात आलंय. तिला वेडी ठरवलीय सगळ्यांनी.”

काका त्याच दुपारी शीतगृहात चालत गेले. दहा मिनिटांची वाट, पण चार महिन्यांपूर्वी त्यांनी फोनवरच काम भागवले होते. परत आल्यावर मुद्रितशोधक बाईंना म्हणाले, “दाराला आतून उघडायची नवी कडी बसवलीय. जुनी तुटली होती म्हणे. आणि आतल्या बाजूनं खांद्याइतक्या उंचीपर्यंतच ताजा रंग दिलाय, वरचं दार जुनंच आहे. पहारेकरी रडला माझ्यापुढे. त्यानं टकटक ऐकून व्यवस्थापकाला कळवलं होतं. व्यवस्थापक म्हणाला, रिकामं आहे, सुट्टी झाल्यावर उघडू. मला फोनवर मांजर सांगणारा पण तोच.”

“आणि तुम्ही त्याला म्याँव करायला लावलंत,” बाई म्हणाल्या. त्या कधी कोणाची चूक पोटात घालत नसत. काकांनी मान खाली घातली.

त्यांनी चार पाने लिहिली. पहारेकऱ्याचे म्हणणे, कडी, रंग, सोललेली बोटे, सगळे लिहिले. संपादकांनी ती पाने वाचली आणि उलटी करून ठेवली. शीतगृहाचे मालक आमच्या वर्तमानपत्राच्या मालकांचे व्याही होते. “फार तर चूकदुरुस्ती देऊ,” संपादक म्हणाले. “दोन ओळी.” काका भांडले, पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. पण शेवटी ते दोन ओळींना तयार झाले, कारण नाहीतर तेवढेही आले नसते.

त्या दोन ओळी बाईंनी माझ्यासमोर मोठ्याने वाचून तपासल्या. ‘जगावेगळं’ सदरातील ‘भुताने म्याँव केले’ या मजकुरात ‘मांजर’ऐवजी ‘माणूस’ असे वाचावे. नजरचुकीबद्दल दिलगीर आहोत.

त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

ताईंनी तो अंक गठ्ठ्यातून काढून घरी नेला आणि आईला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या काकांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “आई विचारते, वाचावे म्हणजे काय? तो होता की नव्हता?”

काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. कात्री आणि डिंकाची बाटली टेबलावरच राहिली, आणि मीही. वाचकांची पत्रे मात्र धो धो आली. मांजराचा माणूस करणारे तुमचे वर्तमानपत्र धन्य आहे, अशी. हसून हसून पोट दुखले, असे एकाने लिहिले होते.

पुढच्या वाढदिवसाला प्रश्नमंजूषा जाहिरात विभागातल्या एका हसतमुख गृहस्थांनी घेतली. वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त वर्षभराचे अंक चाळले आणि गमतीचे ते ते उचलले. “आता बाळगोपाळांसाठी एक सोपा प्रश्न,” तो म्हणाला. “आपल्या अंकातली यंदाची सगळ्यात मजेदार चूकदुरुस्ती! मांजराऐवजी काय वाचावं?”

“माणूस!” मुद्रितशोधक बाईंची आठ वर्षांची नात सगळ्यांच्या आधी ओरडली. आजीने डोळे मोठे केले, पण तोवर उशीर झाला होता. उत्तर बरोबर होते, म्हणून मला कोणी वाजवले नाही. टाळ्या झाल्या, लोक हसले, मुलीला चॉकलेट मिळाले.

ताई सरबताचे पेले घेऊन दाराशी उभ्या होत्या. पेले खाली ठेवून त्या मुलीजवळ आल्या आणि तिच्यापुढे बसल्या. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता.

“बरोबर आहे हं बाळ. माणूसच होता. माझा भाऊ होता तो. दीड दिवस दार वाजवत होता.”

मुलीने चॉकलेट अजून सोलले नव्हते. तिने ताईंकडे पाहिले, मग आपल्या आजीकडे, मग सगळ्या दालनाकडे.

“मग कोणी उघडलं का नाही?”

प्रश्नमंजूषा घेणाऱ्याने हातातली चिठ्ठी उलटून पाहिली. चिठ्ठीमागे उत्तर लिहिलेले असते, ही तिथली पद्धत. तिथे काही नव्हते. त्याचा हात माझ्याकडे आला आणि तसाच राहिला, कारण चुकीचे उत्तरही कोणी दिले नव्हते. दालनात दीडशे माणसे होती. त्यांतली कितीतरी शीतगृहाच्याच गल्लीतून रोज कामावर यायची.

त्यानंतर प्रश्नमंजूषा झाली नाही, आणि मी या कपाटात आले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. पितळ काळे पडले तर पडू दे. माझे एवढेच मागणे आहे. कधी बंद दाराआडून टकटक ऐकू आली, तर आत भूत आहे की मांजर यावर पैजा लावू नका. आधी दार उघडा. हसायचे की नाही, ते नंतर ठरवा.