बेल उचलून दिलेली गाडी

सरपंचाच्या मानधनात राधाकिशनरावांच्या जीपचं डिझेलसुद्धा भागलं नसतं. तरी सुनेला, विमलबाईला, सरपंच करायला त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. पाण्यासारखा म्हणजे आमच्या भागात चुकीचंच बोललो. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. पाणी इथं कुणी ओतत नाही.

मी रेवणप्पा. महादेवाच्या देवळासमोर माझं किराणा दुकान आहे, त्यामुळं नको ते सगळं मला दिसतं. गावाला पाणी पुरवणारे टँकर राधाकिशनरावांचे. टँकर खरंच आला, अशी सही सरपंचानं करायची, की त्यांचं बिल निघतं. कागदावर रोज खेपा पडायच्या, आणि खालच्या वस्तीवरच्या बाया कोस कोस घागरी वाहायच्या.

त्या वस्तीवरची सत्यभामा विमलबाईच्या विरोधात उभी राहिली. नवरा गहिनीनाथ कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला. ही म्हाताऱ्या सासूपायी मागं राहिलेली. तिचा प्रचार एका वाक्याचा होता, "पानी आल्याबिगर सही न्हाई." ते वाक्य राधाकिशनरावांना लई झोंबलं.

पण तिची मतं कर्नाटकात उसाच्या फडात होती. वस्तीवरची चाळीस माणसं तिकडं कोयता चालवत होती. त्यांना आणायला तिनं शेरड्या विकून टेम्पो ठरवला.

मग सोमवारी राधाकिशनराव देवळात आले. सगळ्यांच्या देखत पिंडीवरचा बेल उचलून म्हणाले, "सत्यभामा, तुजी मानसं बी माजीच लेकरं. मत कुनालाबी द्या. मतदानाच्या दिवशी माजा ट्रक त्यांना गावात आनून सोडंल. हा बेल उचलला."

गाव गहिवरलं. सत्यभामानं टेम्पो रद्द केला.

"कावून फिरवला टेम्पो?" मी चिडून विचारलं. "त्याच्या दारचं कुत्रंबी फुकट भुकत न्हाई."

"आप्पा, म्हादेवाचा बेल हाय. त्याला खोटं कोन पाडंल? वाचलेल्या पैशात सासूबाईचं औषध तरी हुईल."

आमच्याकडं बांधाची भांडणं कोर्टात मिटत नाहीत, बेलावर मिटतात. बेल उचललेल्या माणसावर संशय घेणारा नास्तिक ठरतो.

मतदानाच्या दिवशी पुण्याला कामाला असलेली राधाकिशनरावांच्या बाजूची पोरं सकाळपासून एसी गाड्यांतून उतरत होती. जिलेबी खात होती, शाई लावून घेत होती. सत्यभामा शाळेच्या अलीकडं लिंबाखाली उभी. गहिनीनाथचा फोन आला. अंबाजोगाईच्या अलीकडं ट्रकचं टायर बसलंय, ढाब्यावर थांबलोय. दुपारी पुन्हा आला. डायवर टायर आणायला गेलाय, राधाकिशनरावांनी सगळ्यांना मटण सांगितलंय.

"मटन राहू द्या!" ती फोनमध्ये ओरडली. "मिळंल त्या गाडीनं या!"

मटण काही राहिलं नाही. फडात सहा सहा महिने चटणी-भाकर खाणारी माणसं ती. त्यांच्यावर मला रागही धड धरता येईना.

मशीनला सील लागलं तेव्हा ट्रक वेशीत शिरला. माणसं खाली मान घालून उतरली. गहिनीनाथ बायकोपुढं येऊन म्हणाला, "म्या यष्टीनं आलो असतो गं. पर उचल देनारा मुकादम बी त्यांचाच. आन एकट्याच्या मतानं काय झालं असतं?"

"बायकूला नवऱ्याचं मत पडलं असतं," ती म्हणाली.

तासाभरात त्याच ट्रकानं सगळी माघारी गेली. आगाऊ उचल घेतलेली, फड अर्धा उभा; थांबणार कसे?

राधाकिशनराव माझ्याच दुकानासमोर उभे राहून लोकांना विचारत होते, "बोललो तसं केलं का न्हाई? मानसं आनून सोडली का न्हाई?" आणि लोक माना डोलवत होते. शब्दाला जागला म्हणत होते! तराजूतलं वजन उचलून एकेकाच्या टाळक्यात घालावं असं मला वाटलं. घातलं नाही. उधारी त्याच लोकांकडं आहे.

सत्यभामा अकरा मतांनी पडली.

निकालाच्या दिवशी मिरवणूक निघाली, मीही मागं चालत होतो. धुरळा उडू नये म्हणून पुढं टँकर रस्त्यावर पाणी शिंपडत होता. खालच्या वस्तीवर कधी न आलेला टँकर त्या दिवशी थेट वस्तीपर्यंत आला. बाया घागरी घेऊन धावल्या. त्यांच्यात मला सत्यभामा दिसली.

"तू कशाला आलीस?" मी तिला बाजूला घेत म्हणालो. "माज्या घरून ने घागरभर."

"तुमच्या घरी तरी कुटंय, आप्पा? आन सासूबाई सकाळपासून तशाच हायत."

खरं होतं. माझाही रांजण कोरडाच होता.

तिची पाळी आली तशी टँकरवाल्यानं तोटी बंद केली. "आदी गुलाल," तो म्हणाला. मिरवणूक थांबली. हलगीवाला थांबला. विमलबाई जीपमधून उतरल्या, गुलालाचं ताट घेऊन समोर आल्या. त्यांनाही लाज वाटत असावी, कारण त्या वर बघत नव्हत्या. जीपमधून राधाकिशनराव हसत म्हणाले, "लाव गं, आपलीच हाय ती."

सत्यभामानं रिकामी घागर तोटीखाली ठेवली, पदर सावरला आणि कपाळ पुढं केलं. विमलबाईंनी गुलाल लावला. मग टँकरवाल्यानं तोटी सोडली.