तीस गोळ्या, बावन्न दिवस

ताईला अख्खा बाजार ओळखायचा. सूट देत नाही असं दुकान अजून जन्माला यायचंय, असं ती इस्त्री फिरवता फिरवता गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची. आणि खोटं काय होतं त्यात? पण तिचा खरा पराक्रम म्हणजे धाकट्या भावाची ब्लडप्रेशरची गोळी.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. एकटा जीव, बोलणं मोजकं. डॉक्टरांनी त्याला जेनेरिक गोळी लिहून दिली होती, रोज एक. "जेनेरिक आहे, स्वस्त पडेल," डॉक्टर म्हणाले. ताई म्हणाली, "सगळ्यात स्वस्त कुठे, ते मी बघते."

आणि बघितलंच की! दर खेपेला ती नव्याने भाव काढायची; या खेपेला सकाळी सकाळी तिने सहा दुकानांना फोन लावले. गोळी तीच, ताकद तीच आणि भाव मात्र सहा तऱ्हांचे. सहाव्या दुकानाचं कूपन होतं, पण ते विम्याबरोबर चालत नव्हतं. दुसरी कुणी असती तर फोन ठेवून मोकळी झाली असती.

"मग विमा ठेवा बाजूला. नुसत्या कूपनावर किती?"

पलीकडच्याने हिशोब केला. नुसत्या कूपनावर भाव विम्यापेक्षाही कमी निघाला!

"आणि तीन महिन्यांच्या एकदम घेतल्या तर?"

आणखी कमी. आणि दुकान कुठलं, तर धाकट्याच्या घड्याळांच्या दुकानासमोरचं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

ताई ऐटीत काउंटरपाशी गेली. चिठ्ठी, कूपन आणि गोळ्यांची जुनी डबी तिने फार्मासिस्ट बाईंपुढे मांडली. "घाई नाही हं," ती म्हणाली, "अजून आठ दिवसांच्या आहेत त्याच्याकडे. फार सांभाळून वापरतो."

बाईंनी डबीवरची तारीख वाचली, मग पुन्हा वाचली. "तीस गोळ्या घेऊन बावन्न दिवस झालेत. अजून शिल्लक कशा?"

ताईने डबी ओढून घेऊन तारीख स्वतः वाचली. घासाघीस करताना पैशापैशाचा हिशोब ठेवणारी बाई, पण दिवस मोजायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आधी त्यांचं ब्लडप्रेशर तपासून घ्या, आजच," बाई म्हणाल्या. "आणि चुकलेल्या भरून काढायला म्हणून जास्त गोळ्या देऊ नका."

नव्या गोळ्यांचं पुडकं घेऊन ताई तरातरा रस्ता ओलांडून गेली. धाकटा डोळ्याला भिंग लावून बसला होता. समोर कागदावर पांढऱ्या अर्धुकांची रांग.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"एकीच्या दोन," तो अभिमानाने म्हणाला. "बघ ना, केसाचाही फरक नाही. चुरासुद्धा पडत नाही."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा! डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती?"

भिंग काढून त्याने पुसलं, उगाचच.

"दर महिन्याला तू दुकान बंद ठेवून माझ्यासाठी वणवण करतेस," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, गोळी अर्धी केली तर तुझी पायपीटही अर्धी होईल."

ताई मटकन स्टुलावर बसली. प्रत्येक खेपेला किती चालले, किती फोन केले, कुणाला कसं गप्प केलं, ते तीच त्याला तिखटमीठ लावून ऐकवायची. आणि हा येडा ते मनाला लावून घेत होता!

तिने ओढतच त्याला डॉक्टरांकडे नेलं. ब्लडप्रेशर बरंच चढलं होतं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. उद्यापासून रोज एक, अख्खी.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं दुकान उघडायच्या आधी ताई त्याच्या दारात हजर. तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"तुझ्यासाठी भांडायला मला आवडतं रे, गाढवा," ती म्हणाली. "तू नसलास तर मी कुणासाठी भांडू?"

धाकट्याने मान खाली घातली आणि अख्खी गोळी गिळली. ताईने त्याला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, नीट बघून खात्री केली आणि मगच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.