शेवटची सील

अंटार्क्टिकाहून परतून सुनेत्राला आठवडा झाला होता, तरी सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटची फरशी तिच्या पायांखाली हलतच होती. स्वयंपाकघरात उभी राहिली की हात आपोआप ओट्याच्या कडेला जाई. दीड महिना जहाजावर काढल्यावर असं होतं हे तिला ठाऊक होतं. पण रात्रभर झोपूनही सकाळी अंग कुणी कणीक तिंबल्यासारखं दुखायचं. त्याचं कारण तिला कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि बोलायचं नव्हतं.

सुनेत्रा पशुवैद्य होती. परळच्या कॉलेजात शिकली, पुढे समुद्री प्राण्यांकडे वळली आणि लग्नानंतर सिंगापूरच्या एका विद्यापीठात लागली. मोहिमेत तिचं काम होतं बर्फावर पहुडलेल्या सीलना भूल द्यायचं. तेवढ्यात पथकातले बाकीचे सीलच्या डोक्यावरच्या केसांना एक छोटं यंत्र चिकटवत. सील खोल बुडी मारते, यंत्र तिथल्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतं, आणि ती वर आली की उपग्रहाला कळवतं. पुढच्या उन्हाळ्यात केस गळतात तेव्हा यंत्रही गळून पडतं. हिवाळ्यात जहाज जाऊ शकत नाही तिथली माहिती अशी मिळते.

तिच्या मुलाला, वेदांतला, यातलं काहीच नको होतं.

“आई, पेंग्विनला टच केलंस ऑर नॉट?”

“नाही रे. लांबूनच बघायचे असतात.”

“सो फार गो, नेव्हर टच. वेस्टेड लाह.” एवढ्या लांब जाऊन हात लावला नाही, म्हणजे फुकटच गेलं, असं त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत.

शनिवारी तिचा नवरा निशिकांत दोघांना घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेला. बमबोट, म्हणजे तिथली छोटी लाकडी मोटरहोडी, लाटांवर डुलायला लागली आणि सुनेत्राला एकदम स्थिर वाटलं. तिने डोळे मिटून घेतले. बेटावर उतरल्यावर वेदांत भाड्याची सायकल घेऊन पुढे गेला. ती दोघं एका जुन्या घरासमोरच्या बाकावर बसली.

“तिकडे काही झालं का?” निशिकांतने विचारलं. “आल्यापासून तू नीट बोललेली नाहीस.”

 ती सांगायला लागली.

बर्फावरचा शेवटचा दिवस होता. वाऱ्यामुळे आधीचे दिवस वाया गेले होते आणि कप्तानाने दुपारपर्यंतचाच वेळ दिला होता. एकच यंत्र लावायचं राहिलं होतं, आणि समोर एकच सील होती. मादी, जराशी रोडावलेली. सुनेत्राने नजरेनेच वजनाचा अंदाज घेतला आणि इंजेक्शन दिलं. मादी शांत झाली. श्वास थांबला, पण सील तसाही बराच वेळ श्वास रोखून धरते, म्हणून आधी कुणाला काळजी वाटली नाही. मग हिरड्या निळसर पडायला लागल्या.

“मी नळी घातली. मैत्रेयी, आमची विद्यार्थिनी, ती हवा भरत होती. मी बर्फात गुडघ्यांवर बसून बरगड्या दाबत होते. किती वेळ, ते आठवत नाही. मनगटं बधिर झाली होती. शेवटी तिने एकदाचा श्वास सोडला, माझ्या तोंडावरच. माशांचा घाण वास आला आणि मला रडू फुटलं.”

“वाचली म्हणजे.”

“तेव्हा वाचली. आमचे प्रमुख, प्रबोध, म्हणाले, अजून गुंगीत आहे तोवर यंत्र लावून घेऊ. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, हे राहिलं तर तिकडच्या सगळ्या पट्ट्याची माहिती गेली, पुन्हा जहाज कधी मिळेल सांगता येत नाही. म्हटलं, जाऊ दे. तिला आता हात लावायचा नाही. ती उठेपर्यंत आम्ही बाजूला थांबलो. मग ती सरपटत पाण्यात गेली.”

“पुढे जगली का ती?”

“ते कळायला यंत्र लागतं ना, निशी. तेच तर लावलं नाही.”

निशिकांतने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तू बरोबर केलंस.”

“बरोबर की चूक, मला आता सुचतच नाही. नुसती झोप येते.”

पुढच्या आठवड्यात प्रबोधनी तिला लिटिल इंडियात जेवायला बोलावलं. ते तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. डोसा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, “सोमवारी मोहिमेच्या अहवालाची बैठक आहे. शेवटचं यंत्र हवामानामुळे राहिलं, असं मी सांगणार आहे. तुझ्यावर काही येणार नाही.”

“हवामान नव्हतं ते.”

“मला माहीत आहे. पण खरं सांगितलं तर परवानगी देणारी समिती पुढची मोहीम अडकवेल.”

“अडकू दे थोडी,” सुनेत्रा म्हणाली. आवाज चढवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. “रोडावलेल्या मादीला तेवढी भूल सोसत नाही, हे पुढच्या माणसाला कळायला हवं. मैत्रेयी जाईल, नाहीतर दुसरं कुणी. त्यांनी परत तेवढंच इंजेक्शन द्यायचं का?”

“आणि तू?”

“मी पुढच्या मोहिमेला येत नाही.”

“रागावलीस माझ्यावर?”

“नाही हो. दमलेय.”

प्रबोधनी ताटातली चटणी उगाच बोटाने सारखी केली. “त्या दिवशी मीही घाबरलो होतो,” ते म्हणाले. “ती मेलीच असं वाटलं. मग जिवंत झाल्यावर घाई सुटली, निदान काहीतरी हाती लागावं म्हणून.” पुढे म्हणाले, “बैठकीला ये. भुलीचं तूच सांग. मी तुझ्या शेजारी बसेन.”

“येईन.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली, आणि गार हवेत सुनेत्राचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा टॅम्पिनीस मागे राहिलं होतं आणि गाडी एक्स्पो स्टेशनला उभी होती. ती घाईने उतरली. निशिकांतचं ऑफिस तिथून जवळच, चांगी बिझनेस पार्कमध्ये होतं. फलाटावरच्या बाकावर बसून तिने त्याला फोन केला.

तो गळ्यात ऑफिसचा पास तसाच ठेवून आला. “झोपलीस?”

“हो. स्टेशन गेलं.”

“चल, टॅक्सी करू. आज मी लवकर निघतो.”

“जरा बसू दे आधी,” ती म्हणाली. तो तिच्या शेजारी बसला. पुढची गाडी आली, माणसं उतरली, गाडी निघून गेली. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सोमवारी काय काय सांगायचं ते हळूहळू त्याला सांगायला लागली.