पान त्रेचाळीस, ओळ नववी

"सर, इथं गफलत होऊन राहिली," गिरिधर मेश्राम खगोलशास्त्राच्या पुस्तकाच्या प्रूफावर बोट ठेवून म्हणाला.

प्राध्यापक मधुसूदन पाठकांनी चष्म्यावरून आधी ते शाईनं काळं झालेलं बोट पाहिलं. "कसली गफलत?"

"चाळीसाव्या पानावर तुम्हीच लिहिलं, लंबगोल दीर्घिकेत वायू जवळजवळ संपलेला, म्हणून नवे तारे होत नाहीत. सारे म्हातारे, लालसर. अन् इथं तिच्यातच निळे, तरुण तारे भरून राहिले. हे तर सर्पिल दीर्घिकेचं होय ना?"

गिरिधर सातवी पास. इतवारीतल्या या छापखान्यात एकोणीस वर्षं खिळे जुळवत होता आणि हाती पडेल ते उलट्या अक्षरांत वाचून शहाणा झाला होता. 'गिरिधरचं काम तपासायलाच नको,' असं मालक केशवराव गिऱ्हाइकांना सांगत. एवढ्या एका वाक्यावर त्यानं त्या कोंदट खोलीत उमेदीची वर्षं काढली होती.

प्राध्यापक हसले. "गिरिधर, तू खिळे जुळव. आकाश आम्ही पाहतो." आणि त्या ओळीशेजारी लाल शाईनं लिहिलं, 'मुळाप्रमाणे'.

गिरिधरनं मुळाप्रमाणे ठेवलं. आपण चुकलो असू असं त्याला क्षणभरही वाटलं नाही, हीच त्याची पंचाईत.

पुस्तक शाळांत लागलं आणि तीन महिन्यांत सावनेरच्या कुणा मास्तरानं चूक दाखवणारं खरमरीत पत्र धाडलं. प्राध्यापक तणतणत आले, मालकांच्या खोलीत बसले, गिरिधरकडे न बघता गेले. मग केशवरावांनी एक चिठोरं आणून दिलं.

"शुद्धिपत्र आहे गा. आजच जुळवून दे."

गिरिधरनं वाचलं. 'मुद्राराक्षसाच्या करामतीमुळे पान ४३, ओळ ९ येथे विपरीत मजकूर पडला आहे.'

"मालक, हा राक्षस म्हणजे मीच ना?"

"म्हणाची रीत आहे गा ती. तुह्यं नाव थोडीच आलं?"

"लाल शाईचं प्रूफ आहे माह्यापाशी."

"मंग? कोणाले दाखवतं? पुढचं पुस्तकही त्याइचंच आहे."

गिरिधरला खिळ्यांची अख्खी पेटी त्या चिठोऱ्यावर उपडी करावी असं वाटलं. नोकरी जाण्याची भीती नव्हती, पण ऐकायलाच कोणी नव्हतं.

मग तो जुळवायला बसला. 'मुद्रारा' झालं. पुढचा 'क्ष' झिजलेला निघाला. त्यानं तो बाजूला टाकला, उठून दुसऱ्या पेटीतून धड 'क्ष' शोधून आणला आणि राक्षस बिनचूक जुळवला.